हो फातर कितलो पोरनो? खडकांचं आणि जीवाश्मांचं वय काढण्याची रीत

सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी शाळेतल्या मुलांना गोव्यातल्या हणजूणच्या खडकांवर नेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सर, हो फातर कितलो पोरनो?" म्हणजे, हा दगड किती जुना? उत्तर द्यायला मी थोडा थांबतो आणि मुलांना वाटतं, सरांना येत नाही. अडचण वेगळी असते. मुलगा ज्या दगडावर उभा आहे त्यातले वाळूचे कण कुठल्या तरी आणखी जुन्या डोंगरातून झिजून आलेले. ते कण समुद्राच्या तळाशी साचून दगड झाले, तो काळ निराळा. पुढे त्या दगडाला उष्णतेनं आणि दाबानं पिळून काढलं, तो आणखी निराळा. आणि वरच्या अंगाला त्याचा जांभा झाला, ती तर त्यामानानं अगदी अलीकडची गोष्ट. यातलं कुठलं वय सांगू?

भूशास्त्रज्ञ वय काढतात म्हणजे नेमकं काय करतात, हे खाली क्रमानं सांगतो. कॉलेजातल्या मुलांना प्रकल्पासाठी उपयोग होईल, आणि ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांना एखाद्या रविवारी भिंग घेऊन बाहेर पडता येईल.

आधी घटना ठरवा

दगडाचं म्हणून एकच एक वय नसतं. वय असतं ते घटनेचं: लाव्हा थिजला, स्फटिक तयार झाला, शिंपल्यातला जीव मेला, वाळूचा कण अंधारात गाडला गेला. वहीच्या पहिल्या ओळीत "मला या घटनेची तारीख हवी आहे" असं लिहून काढा. हा बालिशपणा वाटेल, पण निम्म्या चुका इथेच टळतात.

सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्याच्या कातळावर बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी वर्तुळं कोरलेली आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांपुढे आली. तिथला जांभा किती जुना हे उद्या कोणी बिनचूक काढलं, तरी चित्रं कोणी कधी कोरली हे त्यातून कळणार नाही. एवढंच कळेल की चित्र कातळापेक्षा नवं आहे, आणि ते तर पाहणाऱ्या कुणालाही दिसतं. कातळाची घटना एक, छिन्नीची घटना दुसरी.

मग क्रम लावा, तोही उभ्या जागी

आकडा प्रयोगशाळेत मिळतो, क्रम मात्र जागेवरच. डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यानं १६६९ मध्ये लिहून ठेवलेलं तत्त्व आजही पहिलं वापरतात: थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा जुना, वरचा नवा. घरातली रद्दी पाहा. तळाशी जानेवारीचा पेपर, वर कालचा. दुसरं तत्त्व मला जास्त आवडतं, कारण ते गोव्याच्या किनाऱ्यावर हातानं चाचपता येतं: जो कापतो तो नवा, जो कापला जातो तो जुना.

हणजूण-वागातोरच्या बाजूला सुकतीला खडकावर उतरा. ऑक्टोबरनंतरचे दिवस बरे, पावसाळ्यात शेवाळावरून पाय सरकतो. करडा, कुठे हिरवट झाक असलेला, रवाळ खडक दिसेल. तो ग्रेवॅक: समुद्रात चिखलवाळूचे लोट येऊन साचलेला आणि नंतर भाजून-दाबून निघालेला. हे खडक आर्कियन काळातले, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुने धरले जातात. त्यातून कुठे कुठे एखादा काळाकुट्ट पट्टा सरळ घुसलेला दिसतो, कुणी बांध घातल्यासारखा. ती डोलेराइटची भिंत, म्हणजे डाइक. जमिनीखालून वितळलेला खडक भेगेत शिरला आणि तिथेच थिजला.

आता गुडघ्यावर बसा आणि जिथे काळा आणि करडा एकमेकांना भिडतात ती रेघ दहापट भिंगातून पाहा. भिंतीच्या मधोमध बारीक पांढुरके स्फटिक वेगवेगळे ओळखता येतात. कडेकडे सरकाल तसे ते लहान होत जातात, आणि अगदी रेघेपाशी दगड इतका गुळगुळीत काळा होतो की स्फटिक दिसतच नाहीत. गरम रस थंड खडकाला टेकला, तिथे तो झटकन गोठला. स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. रेघेच्या पलीकडचा करडा खडक काही बोटं कडक आणि भाजल्यासारखा लागतो. इतकं पाहिलं की वाद संपला. काळा पाहुणा नंतर आला, करडा घरमालक आधीपासून होता. काळ्याच्या पोटात कधी करड्याचा तुकडा अडकलेला सापडतो. तोही तेच सांगतो, कारण जो तुकडा आत सापडतो तो आधीपासून असायलाच हवा.

मग नजर वर, सड्याच्या म्हणजे वरच्या सपाट पठाराच्या कडेला न्या. तिथे लाल जांभा. आपल्या घरांचे चिरे ज्यातून काढतात तोच. जांभा म्हणजे वरून येऊन साचलेला थर नव्हे. मूळ खडकच ऊनपावसात कुजून, सिलिका धुऊन जाऊन, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहून तयार झालेली ती साल आहे. जिथे ही साल ग्रेवॅक आणि डाइक दोघांनाही चढलेली दिसते, तिथे क्रम पुरा झाला: करडा, मग काळा, मग लाल. एकही यंत्र न लावता.

एक सावधगिरी. गोव्यातले जुने थर सपाट पडलेले नाहीत. ते वळ्या पडून उभे झालेत, काही ठिकाणी पालथेही. तिथे "वरचा नवा" हा नियम डोळे मिटून लावला तर फसाल. म्हणून थराची मूळ वरची बाजू कोणती ते आधी शोधायचं. ग्रेवॅकच्या एकेका थरात जाड कण तळाशी आणि बारीक कण वर असतात, कारण गढूळ पाण्यात जड तेच आधी बसतं. जाडसर बाजू वर दिसली तर थर उलटा आहे.

जीवाश्मांचा उपयोग, आणि गोव्यात डायनोसॉर का मिळत नाही

हा प्रश्नही दरवर्षी येतो. उत्तर सोपं आहे. डोळ्यांना दिसणारे, कवचाचे प्राणी खडकांत मुबलक मिळू लागतात ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीपासून. आपला बहुतेक खडक त्याच्या कित्येक पट जुना आहे, तेव्हा हाडच नव्हतं तर उरणार कुठून? सत्तरीच्या ईशान्य कोपऱ्यात सह्याद्रीचा बेसॉल्ट आहे, पण तो लाव्हा.

जिथे जीवाश्म मिळतात तिथे मात्र ते फार कामाचे. इंग्लंडमध्ये कालवे खणणाऱ्या विल्यम स्मिथच्या ध्यानात आलं की प्रत्येक थरात ठरावीक शंखशिंपले असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच राहतो. १८१५ मध्ये त्यानं त्यावर अख्खा भूनकाशा काढला. तेव्हापासूनची रीत अशी: जो जीव थोडा काळ जगला, पण जगभर पसरला आणि ओळखायला सोपा आहे, तो निर्देशक जीवाश्म. अॅमोनाइट, ट्रायलोबाइट हे नामशेष समुद्री जीव ही नेहमीची उदाहरणं. एका थरात दोन-तीन जाती एकत्र मिळाल्या तर त्यांच्या काळांचा जो भाग एकमेकांवर येतो तेवढाच घ्यायचा. दुकानदार सकाळी असतो आणि पोस्टमन अकरा ते बारात येतो. दोघे एका फोटोत दिसले तर फोटो अकरा-बाराचा.

पण "या थराचा काळ इतके कोटी" हा आकडा जीवाश्म स्वतः देत नाही. डायनोसॉरचं हाड यंत्रात घालून सहसा कुणी कोट्यवधी वर्षांचं वय काढत नाही, आणि कार्बन पद्धत तर तिथे चालतच नाही (का, ते पुढे येईल). हाड ज्या थरात आहे त्याच्या खाली आणि वर लाव्हा किंवा ज्वालामुखीची राख असेल तर त्यांचं वय काढतात आणि हाड त्या दोन तारखांच्या मध्ये बसवतात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली ती लॅमेटा थरांत. हे थर दख्खनच्या लाव्हाखाली येतात आणि त्या लाव्हाचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आगेमागे झाला. वरची हद्द अशी ठरते.

गोव्यात जीवाश्म पाहायचे असतील तर भिंग बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शक घ्या. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या दांड्यांत फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशी जीवांची कवचं असतात, एकेक रव्याच्या दाण्याहूनही लहान. ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकाच जातीची कवचं एकेक करून वेचायची, कार्बन पद्धतीनं वय काढायला लागतात तेवढी काही मिलिग्रॅम जमेपर्यंत. तांदूळ निवडणं त्यापुढे काहीच नाही.

घड्याळ निवडा

किरणोत्सारी मूलद्रव्य ठरलेल्या गतीनं दुसऱ्यात बदलतं. निम्मं बदलायला लागणारा काळ म्हणजे अर्धायुष्य. उष्णता, दाब, पाऊस, कशानंही ही गती व्यवहारात बदलत नाही. म्हणून हे घड्याळ. पण प्रत्येक घड्याळ कुठल्या तरी घटनेला शून्यावर येतं, आणि निवड त्यावरून करायची.

तुमच्या हातात ग्रॅनाइट किंवा नाइस (उष्णतेनं-दाबानं पट्टे पडलेला खडक) असेल तर झिरकॉन शोधतात. हा इवलासा, टणक स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ दारातच उभं करत नाही. म्हणजे आज त्यात जे शिसं आहे ते बहुतेक सगळं आतच तयार झालेलं. शिवाय यात दोन घड्याळं एकत्र चालतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५ चं सुमारे ७० कोटी. दोघांनी एकच वेळ दाखवली तर विश्वास ठेवायचा. नाही दाखवली तर मधे कधी तरी शिसं गळालं, हे तरी कळतं. याच युरेनियम-शिशाच्या हिशेबावर, उल्कांमधलं शिसं मोजून, अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यानं १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं ठरवलं. ते आजही फारसं हललेलं नाही.

ग्रेवॅकमध्येही झिरकॉन मिळतो, पण तिथे घटना बदलते. तो कण दुसऱ्या डोंगरातून वाहत आलेला. सगळ्यात तरुण कणाचं वय सांगतं की हा गाळ त्याआधी साचलेला असणं शक्य नाही. बस्स. गाळ नेमका कधी साचला, हे ते सांगत नाही.

बेसॉल्ट आणि डाइकमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. तिथे पोटॅशियम-आर्गॉन. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. त्यातला थोडा वाटा आर्गॉन वायू होतो. खडक वितळलेला असताना आर्गॉन निसटून जातो, थिजल्यावर आत अडकतो. म्हणून हे घड्याळ थिजण्याच्या क्षणी सुरू होतं. आजकाल नमुना अणुभट्टीत किरणित करून, मग टप्प्याटप्प्यानं तापवून आर्गॉनच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण मोजतात. बऱ्याच टप्प्यांवर तेच वय आलं तर नमुना निरोगी. मुंबईच्या आयआयटीत याची राष्ट्रीय सुविधा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या डाइकचं असं काढलेलं वय २००० साली प्रसिद्ध झालं: ६ कोटी २८ लाख वर्षं, अधिक-उणे २ लाख. म्हणजे त्या भिंती दख्खनच्या मुख्य उद्रेकाच्याही नंतरच्या. आणि पश्चिम किनारपट्टीच्या सखल भागातल्या जांभ्यातलं मँगनीज खनिज याच रीतीनं मोजलं, तेव्हा सर्वांत जुने आकडे ४ कोटी ७० लाखांच्या आसपास आले. करडा, काळा, लाल: भिंगानं लावलेला क्रम आकड्यांनी मोडला नाही.

शिंपला, कोळसा, लाकूड, हाड असेल आणि ५० हजार वर्षांच्या आतलं वाटत असेल तरच कार्बन-१४. अर्धायुष्य ५,७३० वर्षं. मूळच्या एक-अष्टमांश कार्बन-१४ उरला असेल तर तीन अर्धायुष्यं झाली, म्हणजे १७,१९० वर्षं. दहा अर्धायुष्यांनंतर हजारावा भागही धड उरत नाही, म्हणून त्यापलीकडे जाता येत नाही. दोन दुरुस्त्या विसरू नका. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण दर काळी सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वर्तुळांवरून तयार केलेल्या वक्राशी आकडा जुळवावा लागतो. आणि समुद्राचं पाणी मुळात "शिळं" असतं: आज मेलेला शिंपलाही जगाच्या सरासरीनं सुमारे ४०० वर्षं जुना दिसतो, शिवाय प्रत्येक किनाऱ्याचा फरक वेगळा.

मांद्रे-मोरजीच्या वाळूच्या टेकड्यांत शिंपलाही मिळाला नाही तर? क्वार्ट्झचा कण अंधारात गाडला गेला की आजूबाजूच्या किरणोत्सारामुळे त्यात ऊर्जा साठत जाते, आणि ऊन लागताच ती पुसली जाते. म्हणून टेकडी कापून लोखंडी नळी आडवी ठोकतात, दोन्ही तोंडं लगेच बंद करतात आणि प्रयोगशाळेत लाल दिव्याखालीच उघडतात. यात मिळतं ते शेवटचं ऊन लागल्याचं वय. एकानं कौतुकानं फोटो काढायला नळी उघडली की सगळं संपलं.

नमुना घेताना

आपल्या हवेत ताजा खडक मिळवणं हेच अर्धं काम. डोलेराइट कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं कुजतो. बाहेरच्या पापुद्र्यातून पोटॅशियम आणि आर्गॉन दोन्ही हललेले असतात. गाभ्यातला, हातोडा मारल्यावर खणकन वाजणारा तुकडा हवा. बद्द आवाज आला तर सोडून द्या. जागा, दिशा, थरातली उंची, शेजारचा खडक हे सगळं तुकडा काढायच्या आधी वहीत आणि फोटोत. जागा न लिहिलेला दगड हा शोकेसचा दगड. संरक्षित स्थळं, खाणींची लीज आणि वाळूच्या टेकड्या इथे परवानगीशिवाय हात लावू नका. उसगाळीमळला तर हातोडा पिशवीतूनही बाहेर काढू नका.

माझी फजिती सांगतो. तिसवाडीत एका खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या शेतजमिनीच्या, फुटलेल्या बांधात मला कालवांचे शिंपले मिळाले. बांध कधीचा हे शोधायची हौस. शिंपले निवडले, धुतले, पदरच्या पैशांनी तपासायला पाठवले. आकडा आला तो कोणीही खाजन बांधलं असेल त्यापेक्षा काही हजार वर्षं जुना. मी प्रयोगशाळेवर चिडलो. शेवटी बांधाची निगा राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाप्यानं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "पुता, बांदाक चिखल न्हंयेंतलो काडटात." चिखल नदीच्या तळातून आणला होता, शिंपले त्या चिखलाबरोबर आले होते. प्रयोगशाळेनं शिंपल्याच्या मरणाची तारीख अचूक दिली होती. मला हवी होती ती बांधाची, आणि ते मी वहीच्या पहिल्या ओळीत लिहिलंच नव्हतं. शिंपल्याऐवजी बांधात दडपलेलं गवत किंवा काटक्या घेतल्या असत्या तर उत्तर जवळ गेलं असतं.

आकडा वाचताना

अहवालात आधी अधिक-उणेचा आकडा पाहा, मग वय. अनमोड घाटातल्या नाइसचं रुबिडियम-स्ट्राँशियम पद्धतीनं (हेही किरणोत्सारी घड्याळच) काढलेलं वय ३४० कोटी वर्षं, अधिक-उणे १४ कोटी. डाइकचं ६ कोटी २८ लाख, अधिक-उणे २ लाख. घाटातल्या नुसत्या अनिश्चिततेत डाइकचं अख्खं आयुष्य दोनदा मावतं! तरी ३४० कोटींचं ते वय टाकाऊ नाही. टक्क्यांत पाहिलं तर चूक चार टक्क्यांच्या आसपास आहे.

कार्बनच्या अहवालात "आजपूर्वी" लिहिलेलं असेल तर ते "आज" म्हणजे १९५०. वय वक्राशी जुळवलेलं आहे की कच्चं, समुद्राची दुरुस्ती केली आहे की नाही, हे अहवालात नसेल तर फोन करून विचारा. आणि प्रयोगशाळेचा आकडा तुमच्या वहीतल्या क्रमाशी भांडत असेल तर आधी पुन्हा जागेवर जा. बऱ्याचदा थर उलटा असतो, नाही तर कुणी तरी चिखल दुसरीकडून आणलेला असतो.

उरलेला नमुना फेकू नका. माझे कालवांचे शिंपले बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत. त्यावरची जुनी चिठ्ठी, "बांध, तिसवाडी", मी खोडलेली नाही, तिच्याखाली दुसरी चिकटवली आहे: "नदीचा चिखल. बांधाशी संबंध नाही."